वेताच्या खुर्चीतून

पुणे,
२० ऑक्टोबर २०२४

चि. वनूस दादाचे अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

मी इथे सुखरूप आहे असं लिहायची रीत आहे, म्हणून लिहितो. शंतनुने मला ग्वाल्हेरहून उचलून आणलं त्याला आज सात आठवडे झाले. खुब्याचं हाड जुळत आलंय म्हणतात. रोज सकाळी वॉकर धरून हॉलच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत आठ फेऱ्या, आणि सूनबाई यशश्री त्या शाळामास्तरणीसारखी मोजते. फोनवर तू बोलतेस ते मला डब्यात खडे हलवल्यासारखं ऐकू येतं. मी भलतंच उत्तर देतो आणि तुम्ही सगळे हसता. तेव्हा यापुढे पत्रच. तीस वर्षं पोरींना मराठी शिकवलंस, तुझं अक्षर अजून वाचता येतं.

आता मुद्द्याचं. दसरा झाला, म्हणजे आपला थिरथिरा, ते हिवाळी पाखरू, वाटेत असेल. गेली एकतीस वर्षं तो दसरा ते दिवाळी यांच्यामध्ये कधीतरी बागेत उतरतो आणि मार्चअखेर जातो. एकतीस हिवाळ्यांच्या एकतीस वह्या कपाटात आहेत. बत्तिसावी यंदा तू लिही. नियम तुला पाठ आहेत, तरी सांगतो. सकाळी आठ ते नऊ वेताच्या खुर्चीत बसायचं आणि स्वतःच्या डोळ्यांनी दिसेल तेवढंच लिहायचं. शेजाऱ्याने पाहिलेलं नाही, झाडीतून नुसतं ऐकू आलेलं नाही, आणि वाटलेलं तर मुळीच नाही. वहीत जे असेल ते मला आठवड्याला कळव.

दिवाळीच्या साफसफाईचं तुला वारं लागलं असेल, म्हणून आधीच हात जोडतो. लिंबाखालचा नळ गळतो तो गळू दे. त्याला वॉशर बसवू नकोस. त्या थेंबांनी खालचं दगडी उखळ भरतं आणि पाखरं तिथेच येतात. अमरुदाच्या झाडाखालचा पाचोळाही तसाच ठेव, त्यात किडे असतात आणि किड्यांसाठीच ती मंडळी हजार कोस उडून येतात. मधल्या खोलीतलं शालिनीचं आरशाचं टेबलही हलवू नकोस. तिने शेवटच्या दिवसांत लावून घेतलं होतं तसंच तिरकं राहू दे.

पाटणकर बाजारात गेलीस तर संभाजीरावांच्या दुकानात माझं मनगटी घड्याळ दुरुस्तीला पडलंय, ते आण. त्यांना नमस्कार सांग.

तब्येतीला जप, आणि दादावरचा राग फार दिवस ठेवू नकोस.

तुझा,
रमाकांतदादा

•

लष्कर, ग्वाल्हेर,
६ नोव्हेंबर २०२४

ती. स्व. दादास वनूचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

तुझं पत्र दिवाळीच्या आधीच पोचलं, पण फराळाच्या गडबडीत उत्तराला उशीर झाला. यंदा अनारसे हसले, म्हणजे तेलात पडल्या पडल्या फुटले. चकल्या मात्र जमल्या. त्यांतल्या निम्म्या गच्चीवर माकडांनी नेल्या, तेव्हा त्यांनाही आवडल्या असं धरून चालायला हरकत नाही.

तुझा थिरथिरा आला. ३ तारखेला, सव्वाआठला. काळा कोट आणि पोटाला विटकरी रंग, म्हणजे नरच. उखळाच्या काठावर हिव भरल्यासारखं शेपूट हलवत बसला होता. मला पाहून दोनदा मान लववली आणि लिंबात गेला. मी खुर्चीत शाल पांघरून बसले होते. चहा गार झाला.

नळ गळतोय, काळजी करू नकोस. वहिनीच्या टेबलाला मी हातसुद्धा लावला नाही. संभाजीराव म्हणाले, घड्याळाचं यंत्रच थकलंय, अगदी मालकासारखं. त्यांनी तुझी फार आठवण काढली.

फेऱ्या आठाच्या दहा कर. यशश्रीला आशीर्वाद. लोभ आहे तसाच राहू दे, एवढंच मागणं.

तुझी,
वनू

•

लष्कर, ग्वाल्हेर,
२९ नोव्हेंबर २०२४

चि. सौ. यशश्रीस वनूआत्याचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

हे पत्र तुझ्या नावाने, तुझ्या ऑफिसच्या पत्त्यावर पाठवते आहे. दादाच्या हाती लागू देऊ नकोस. मला कुणाला तरी सांगायलाच हवं, आणि शंतनुला सांगितलं तर तो दोन मिनिटांत व्हिडिओ कॉल लावेल.

मी दादाशी खोटं बोलते आहे. बागेत यंदा थिरथिरा आलेला नाही. धोबी पाखरू नाही, माशीमार नाही. बुलबुलही भिंतीवर बसून परत जातात.

झालं असं, की कोजागिरीच्या सुमारास शेजारच्या रुचिकाला डेंगू झाला. अंगावर पिणारं मूल घरी आणि ती कंपूतल्या इस्पितळात नऊ दिवस. गल्लीतल्या बायका म्हणू लागल्या की मास्टरनीजींच्या बगीच्यात बारा महिने पानी साचतं, मच्छर तिथलेच. तोंडावर कुणी बोललं नाही, पण मला ते ऐकू आलं. मी घाबरले ग. त्याच दिवशी नई सडकेवरून नळवाला आणून वॉशर बसवलं, उखळ पालथं केलं, सगळा पाचोळा गोण्या भरून बाहेर काढला आणि औषध फवारून घेतलं. बाग आरशासारखी लख्ख झाली. आणि चौथ्या दिवशी दादाचं पत्र आलं, वॉशर बसवू नकोस म्हणून!

एकदाच म्हणून लिहिलं की आला. मग दर आठवड्याला काहीतरी लिहिणं आलं. मला पाखरांतलं कळतं किती? मग मी कपाटातून त्याची एखादी जुनी वही काढते, त्याच सुमाराच्या तारखेची नोंद शोधते, शब्द इकडचे तिकडे करते आणि उतरवते. जन्मभर पोरींच्या वह्यांतली नक्कल पकडून छड्या मारल्या मी! आता सत्तरीत स्वतः नक्कल करते, आणि तीही त्या माणसाची ज्याला वहीतलं एक अक्षर खोटं चालत नाही. सकाळी त्या खुर्चीजवळून जाताना मी मान खाली घालते.

त्याला सांगून टाकू का? तू तिथे त्याच्याजवळ आहेस, तूच सांग.

या आत्याला मनातून उतरवू नकोस.

तुझी,
वनूआत्या

•

पुणे,
१० डिसेंबर २०२४

ती. स्व. आत्यांस सा. न. वि. वि.

पत्र वाचून आधी हसू आलं आणि मग आलं नाही.

आत्या, प्लीज आत्ता सांगू नका. तुमचं पत्र यायच्या दिवशी बाबा पहाटेपासून दाढी करून बसतात. आधी मनात वाचतात, मग मोठ्याने, मग मला कपाटावरचं पक्ष्यांचं पुस्तक काढायला लावून त्यातलं चित्र दाखवतात. आठ फेऱ्यांच्या आता बावीस झाल्यात. व्यायाम शिकवायला येतात त्या ताईंना त्यांनी बजावलंय की फेब्रुवारीअखेर मला माझ्या खुर्चीत बसायचंय, मार्चमध्ये माझे पाहुणे जातात. शंतनुला वाटतं बाबांनी आता कायमचं इथेच राहावं. तो म्हणतो, ग्वाल्हेरला तुम्हाला आहे काय? त्यावर बाबा तुमची पत्रं पुढे करतात. त्यांच्याकडे दुसरं काही नाही दाखवायला.

निदान वॉकर सुटेपर्यंत थांबा. ते वाचून दाखवतात तेव्हा मीही माना डोलावते, आणि मग स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी घासते. तेव्हा अपराधी तुम्ही एकट्या नाही.

तुमच्या चकल्यांची आठवण काढणारी,
यशश्री

•

लष्कर, ग्वाल्हेर,
१२ जानेवारी २०२५

ती. स्व. दादास वनूचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

इथे धुकं असं की फाटकातून गल्लीच्या पलीकडचं घर दिसत नाही. तिळाचा गजक आणलाय, तुझ्या वाटचा पार्सलने पाठवते. तिळगूळ घे आणि गोड बोल, निदान त्या व्यायामवाल्या ताईंशी.

या आठवड्यात एक मोठीच बातमी आहे. ९ तारखेला सकाळी पावणेनऊला एक पाहुणा आला तो मी पूर्वी कधी पाहिला नव्हता. पुस्तकात शोधला. निळ्या गळ्याचा शंकर! गळ्याचा रंग मोरपिसासारखा, मध्ये तांबडा ठिपका आणि खाली कंठी. उखळात उतरून अंघोळ केली, तीनदा पंख झाडले, आणि अंग सुकेपर्यंत अमरुदाच्या फांदीवर उन्हात बसून राहिला. मी श्वास रोखून पाहत होते.

वॉकर सुटला हे यशश्रीने कळवलं. ऐकून फार बरं वाटलं. काठी मात्र सोडू नकोस.

मोठ्या मनाने धाकटीचे अपराध पोटात घालत आलास, तसाच पुढेही घाल.

तुझी,
वनू

•

पुणे,
२४ जानेवारी २०२५

चि. वनूस दादाचे आशीर्वाद. वि. वि.

या पत्राला मी नऊ दिवस घेतले. तीन कागद फाडले.

वनू, तू बागेत शंकर पाहिलेला नाहीस. तो तू सोळाव्या वहीतून घेतलास, त्या तपकिरी पुठ्ठ्याच्या, शालिनी गेली त्या हिवाळ्यातल्या. तारीखही तीच आहे, ९ जानेवारी. नोव्हेंबरात 'हिव भरल्यासारखं शेपूट' हे माझेच शब्द वाचले तेव्हा मला शंका आली होती, पण म्हटलं, सख्खी भावंडं आहोत, पाहणंही सारखं असायचं. आता शंका उरली नाही. यशश्रीला विचारलं तर ती रडायलाच लागली आणि तिने सगळं सांगितलं. तिच्यावर रागावू नकोस. तुझ्यावरही मी रागावलेलो नाही. रुचिकेचं मूल लहान आहे, वॉशर बसवलंस हे ठीकच केलंस. मी असतो तर हट्टाने बसवू दिलं नसतं, आणि ते चूक झालं असतं.

पण तो शंकर मला कसा ओळखता आला ते आता तुला सांगायला हवं. एकतीस वर्षांत आपल्या बागेत शंकर एकदाही आलेला नाही. ती नोंद मी मनाने लिहिली. ती एकच नाही. त्या वहीतल्या डिसेंबरपासूनच्या सगळ्या नोंदी खोट्या आहेत.

तुला आठवत असेल, तू शाळेतून रजा घेऊन शालिनीजवळ बसायचीस. ती अंथरुणाला खिळलेली. मी सकाळी आठला, बागेत बसतो म्हणून निघायचो आणि दुपारी येऊन तिच्या उशाशी बसून वही वाचून दाखवायचो. मी बागेत बसत नव्हतो. बाजूच्या फाटकातून बाहेर पडून थेट पाटणकर बाजार गाठायचो आणि संभाजीरावांच्या दुकानात भिंतीवरच्या घड्याळांसमोर बसून राहायचो. तिचं कण्हणं मला ऐकवत नव्हतं. तिचे हात बघवत नव्हते. एवढंच कारण. त्याला चांगलं नाव देता येत नाही. परत येताना वाटेत पाखरं रचायचो. ती डोळे मिटून ऐकायची आणि विचारायची, मग पुढे काय झालं? आणि मी पुढचंही सांगायचो. ती माझ्यावर विश्वास ठेवून गेली, वनू. तिच्या शेवटच्या तीन महिन्यांतल्या सकाळी मी तिच्याजवळून चोरल्या आणि बदल्यात तिला खोटी पाखरं दिली.

पुढे पंधरा वर्षं मी एक ओळ खोटी लिहिली नाही. नियम इतके कडक केले ते त्यामुळे. तू मला लिहिलंस तेव्हा वाटलं, आता आपली पाळी आली, आता आपण अंथरुणावरून ऐकायचं.

शंतनुला मी सांगून टाकलंय की मी इथेच राहतो. त्याला फार आनंद झाला. त्या खुर्चीत बसायला मला आता तोंड नाही. बत्तिसावी वही बंद कर आणि खुर्ची कुणाला हवी असेल तर देऊन टाक.

तुझ्या लोभाला मी किती पात्र आहे ते आता तू ठरव.

दादा

•

लष्कर, ग्वाल्हेर,
६ फेब्रुवारी २०२५

ती. स्व. दादास वनूचा नमस्कार. वि. वि.

आधी माझ्या वाटचं. मी खोटं लिहिलं आणि तुझ्याच वहीतून चोरून लिहिलं. मला क्षमा कर. तुझी हौस राखावी म्हणून नाही, तर तू माझ्यावर चिडशील या भीतीने पहिलं पत्र लिहिलं होतं. पुढची सगळी त्याला झाकायला.

पण त्याहून मोठं एक लपवणं आहे आणि त्याला सोळा वर्षं झाली. तुझं पत्र वाचून दोन दिवस मला अन्न गोड लागलं नाही. आता लिहिते.

वहिनीला माहीत होतं, दादा. पहिल्याच आठवड्यापासून माहीत होतं. तिच्या पलंगावरून बाग दिसत नाही हे तुला ठाऊक होतं, पण आरशाच्या टेबलाकडे तू कधी पलंगावरून पाहिलं नाहीस. त्या आरशात मागचं दार दिसायचं आणि दारातून वेताची खुर्ची. आठ ते नऊ, नऊ ते दहा, ती रिकामी खुर्ची पाहत पडून असायची. मीही पाहायचे. मला तुझा इतका संताप आला होता की दुपारी तू वही उघडलीस की मी उठून स्वयंपाकघरात जायचे. एकदा न राहवून मी तिला म्हटलं की आज मी याला विचारतेच. तर तिने माझा हात धरला. म्हणाली, विचारू नको. त्याला इथे बसवत नाही, त्याचा तसा स्वभाव आहे, आणि माझ्याकडे आता रागावण्यात घालवायला दिवस नाहीत. मग म्हणाली, आरसा तेवढा फिरव. खुर्ची दिसली नाही म्हणजे तो तिथे बसलाय असं मला धरता येईल.

मी आरसा फिरवला. तुला सांगितलं की उन्हाची तिरीप तिच्या डोळ्यांवर येते. तू त्यावर विश्वास ठेवलास आणि सोळा वर्षं ते टेबल तिची इच्छा म्हणून तिरकं जपलंस. दिवाळीत त्याच्याभोवतीची फरशी दर वर्षी मी आरशात न बघता पुसायचे. सांगावंसं वाटायचं, पण मग वाटायचं की सांगितलं तर तू मोडशील. खरं म्हणजे तू मोडावंस असंही कधीकधी वाटायचं. म्हणूनच गप्प राहिले असेन. मला नीट सांगता येत नाही.

ज्या दुपारी तू शंकर वाचून दाखवलास त्या संध्याकाळी तिने मला पुस्तकातलं त्याचं चित्र काढायला लावलं. पुस्तक छातीवर धरून किती तरी वेळ बघत होती. म्हणाली, इतकं देखणं पाखरू आपल्या बागेत कशाला येतंय, हे त्याने माझ्यासाठी कुठून तरी शोधून आणलंय. म्हणजे जिथे जाऊन बसतो तिथेही मी त्याच्या मनात असते. हे तिचे शब्द आहेत, माझे नाहीत. मी ते तुझ्यापर्यंत पोचवले नाहीत, हा माझा अपराध तुझ्याहून थोडका नाही. हे सगळं ठाऊक असूनही जानेवारीत मी तोच शंकर तुला लिहिला; तू ओळखावंस असंही मनात असेल.

तेव्हा तू तिला फसवून पाठवलंस असं म्हणू नकोस. ती सगळं समजून गेली. तू तिच्याजवळ बसला नाहीस, हे मात्र खरं, आणि ते मी पुसून देऊ शकत नाही.

काल मी टेबल सरळ केलं. मग वहिनीच्या पलंगावर आडवी होऊन पाहिलं. खुर्ची अजून दिसते. रिकामी दिसली, म्हणून उठले आणि जाऊन बसले.

नई सडकेवरचा नळवाला पुन्हा आणला. वॉशर काढ म्हटल्यावर त्याने माझ्याकडे असं पाहिलं की आता डॉक्टरलाच बोलावतो की काय! उखळ उलटं होतं ते सुलटं केलं. रोज संध्याकाळी ते मी ओतून घासते, रुचिकाला दाखवते आणि मगच आत जाते. औषध फवारणं बंद. पाचोळा जमायला वेळ लागेल, झाडाच्या मर्जीने पडतो. आणि बत्तिसाव्या वहीत पहिली खरी ओळ लिहिली, ती खाली जशीच्या तशी उतरवते:

'५ फेब्रुवारी. आठ ते नऊ. धुकं. कोणी आलं नाही.'

खुर्ची मी कुणाला देणार नाही. तू ये. शंतनुला मी वेगळं लिहिते, त्याला समजेल. मार्च अजून दूर आहे, आणि मार्चमध्ये कोणी आलं नाही तरी तू ये.

रागाला आणि लोभाला दोन्हीला मी पात्र आहे, त्यातलं जे द्यायचं ते समोर बसून दे.

तुझी,
वनू

ता. क. : पाकीट चिकटवत होते तेवढ्यात रुचिका भिंतीवरून हाका मारू लागली. म्हणाली, आत्ता तुमच्या उखळावर एक छोटी भुरी चिडिया होती, पूँछ एकसारखी थरथरवत होती. थिरथिऱ्याची मादी भुरी म्हणजे तपकिरीच असते ना? मी धावत गेले, तोवर काठावर पाण्याचे शिंतोडे तेवढे राहिले होते. दहा वाजून गेले होते आणि मी खुर्चीत नव्हते. म्हणून वहीत लिहिलेलं नाही.